निरोप आधी कोणी दिला?

माझ्या शेजाऱ्याने माझ्या गावच्या एका माणसाला फसवलं, आणि फसवताना शब्द माझा वापरला. त्या माणसाची मुलगी शेजाऱ्याने खुर्सीपारला, आमच्या कारखान्याजवळच्या वस्तीत, आणली ती स्वतःच्या तान्ह्या बाळाला सांभाळायला. शाळेतही घालू, असं बापाला सांगितलं. बापाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, म्हणून त्याने मुलगी पाठवली.

शेजारी कारखान्यात क्रेन चालवायचा. मी भाजी विकायचो. टोपलीपासून सुरुवात करून पत्र्याचं दुकान टाकलं होतं, भाव करण्यात मला कोणी हरवत नसे. ती मुलगी हरवायची. "काका, भेंडी जून आहे तुमची. सांभार टाका न वरतून." मी सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकायचो, वर दोन मिरच्याही.

उन्हाळ्यात ती भाव करेनाशी झाली. सांगेन तो भाव द्यायची आणि निघून जायची. लाही लाही होत असताना अंगात लांब बाह्यांचं पोलकं. एकदा तिने वरच्या टोपलीला हात घातला आणि बाही वर सरकली. कोपराच्या वर मागच्या बाजूला चटके होते, एकाला लागून एक, काही वाळलेले, काही ओले.

"काय झालं व?"

"पोळी भाजताना लागलं."

पोळी भाजताना बोटं भाजतात, मनगट भाजतं. दंडाची मागची बाजू तव्यापर्यंत जात नाही. सांभार न मागता ती गेली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी कावून पडता मंधात? त्याच्या भितीले आपली भित हाय. अन् मागच्या महिन्यात नळावर त्याले काय काय बोलले तुमी, आठवते न? लोक म्हनतील, बदला घेऊन राहिला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा आवाज सगळ्या वस्तीला माहीत होता. पण भिंतीपलीकडून मुलीचा आवाज येईनासा झाला होता, बाळाचा तेवढा यायचा.

चौकी जवळच होती. पण विदर्भातून आलेल्या आमच्या लोकांची रीत अशी की आधी मंडळात सांगायचं. परक्या मुलखात आलेलो, कोणाच्या घरातलं पोलिसांपुढे नेलं तर सगळ्यांच्या नोकऱ्यांवर येईल, अशी भीती. मीही रीतच पाळली. मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते कारखान्यात बाबू होते.

"नळाचं भांडन मिटलं का तुमचं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"भांडन नळाचं हाय. पोरीच्या हाताचा त्याच्याशी काय संबंध?"

"तापू नका. रविवारी बसू. त्यालेही निरोप धाडतो. एकाचंच आयकलं, असं कोनी म्हनू नये."

"निरोप नका धाडू. आधी पोरीले तुमच्या घरी आना, तुमच्या बायकोले हात दाखवा."

"मंडळाले नियम हाय, भाऊ."

रविवारी शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून आला. मुलगी गावी गेली म्हणाला. आईची आठवण काढून रडत होती, म्हणून गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिली. "हात दाखवा म्हनतात हे. कोनता हात दाखवू? माझा?" लोक हसले. मी उठून त्याची कॉलर धरली, तर चौघांनी मलाच बाहेर काढलं. आत चहा आला.

काही दिवसांनी तिचा बाप आला. धोतराच्या सोग्यात जवसाच्या चटणीची पुडी होती. तो शेजाऱ्याकडे गेला नाही, आधी माझ्या दुकानावर आला.

"भाऊ, पोरगी कोनत्या शाळेत जाते?"

मुलगी गावी पोचलीच नव्हती. त्याला घेऊन मी चौकीत गेलो. तिथे विचारलं, इतके दिवस कुठे होता? शेजारी म्हणाला, मी गाडीत बसवली, पुढचं रेल्वेला विचारा. मग त्याने दुसरीकडे नोकरी धरली आणि बायको-बाळ घेऊन गेला. बाप दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.

अध्यक्ष आता सेक्टर 10 च्या क्वार्टरात राहतात. भाजी घ्यायला माझ्याकडेच येतात, भाव न करता. मंडळाने नियमाने काम केलं, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. तर त्यांनी एवढंच सांगावं: मी नको म्हणत असताना निरोप कोणी धाडला, आणि ज्याला तो मिळाला, त्याने त्या पोरीचं काय केलं? चारचौघांत सांगावं. बापाला बोलावून आणायचं काम माझं.