स्वराचं वजन कानात सांगायचं

अंगणवाडीत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते पोरांसारखे आपणहून मांडीवर येऊन बसतात. त्यात आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. पूर ओसरल्यावर गाळ उपसून टाकला, किस्से तेवढे राहिले. त्यातले निम्मे एकट्या स्वराचे. नुकती चालायला लागलेली पोर, पुराआधी चांगली गुटगुटीत. पूरग्रस्तांच्या छावणीतून परत आली ती जुलाबांनी पार वाळून!

*

आमचा वजनकाटा पुरात गेलेला. म्हणून गुऱ्हाळवाल्या आप्पांचा गुळाचा काटा मागितला, तो घेऊन आप्पाच आले. स्वराला बसवलं आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"आप्पा, तुमचा काटा कमी दाखवतोय!"

एरवी एवढ्यावर आप्पा भांडायलाच उठले असते. पोरीकडं बघून हळूच म्हणाले, "काट्याला कायबी झालं न्हाय, ताई. तुमी पोरीचं बघा."

मी वजन वाचणार, तोच स्वराच्या हौसाआज्जीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मोठ्यानं नगा! नजर लागती. कानात सांगा."

सांगितलं कानात. आज्जी पोरीला पदराखाली घेऊन बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

*

"ही खाते काय?" मी विचारलं.

"सारखी खाती की! अख्खा पुडा संपिवती!"

मदतीच्या गाड्यांतून आलेल्या बिस्किटांची घरात थप्पी. आई सुनीता दिवसभर गाळ काढण्यात, आणि पोर चहा-बिस्किटावर! मी निक्षून सांगितलं, बिस्किटं बंद. दुसऱ्या दिवशी आज्जी सगळे पुडे घेऊन अंगणवाडीत हजर.

"पोरीला वाईट हायत न्हवं? मग तुमी खावा!"

*

मग स्वरासाठी पौष्टिक पीठ दिलं. बघायला गेले, तर त्याचा शिरा करून सगळं घर पंगतीला बसलेलं. माझ्याही हातात ताटली आली.

"अहो आज्जी, हे एकट्या स्वराचं!"

"पूर काय एकट्या स्वराला आलाय व्हय? समदी बघत बसल्यात, आन् तिला एकटीला भरवू? हात उचलत न्हाय माझा."

गुपचूप शिरा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून स्वराचा शिरा अंगणवाडीतच शिजायला लागला, आणि सुनीताला मी तिच्यासोबत जेवायला बसवायला लागले.

*

पोरांना तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी वजन वाढलं नाही तर शहरात ॲडमिट करावं लागेल. सुनीता रडायलाच लागली. घरात गाळ, चूल ओली. ती तिकडं राहणार कशी?

आज्जीचं एकच पालुपद, "म्हस असती तर ही येळ आली नसती." पाणी चढायच्या आधी म्हैस लेकीकडं कागलला धाडलेली. आता इथली वैरण कुजलेली, म्हैस परत आणायची कशी? आणि स्वरा दुसरं दूध तोंडात धरेना.

शेवटी लेकीनं युक्ती काढली. रोज सकाळी दूध उकळून किटलीत भरायची आणि यष्टीत कंडक्टरजवळ द्यायची. आठवडाभरात अख्ख्या यष्टीला स्वरा ठाऊक! आमच्या फाट्यावर कंडक्टर ओरडायचा, "स्वराचं दूध आलं!" आणि खिडकीतून कुणीतरी अनोळखी पावणं विचारायचं, "पोरगी पिती का न्हाय?"

*

वजनाचा दिवस आला. सुनीतानं दवाखान्यासाठी कपड्यांची पिशवीसुद्धा भरून आणलेली. आप्पा काटा घेऊन आलेले. स्वराला बसवलं. मी आकडा बघितला, पुन्हा बघितला. डोळे भरून आले माझे. सवयीनं आज्जीच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.

आज्जीनं मला ढकललंच!

"कानात काय सांगता? मोठ्यानं सांगा! गल्लीला आयकू जाऊ द्या!"

"अहो, पण नजर लागेल ना!"

"लागू दे की! नजर लागण्याजोगं कायतरी आलंय आता पोरीच्या अंगावर!"