पाच मीटरचा पूल

अवजड गाड्यांच्या परवान्याच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे ड्रायव्हर टेपबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची? कागदावरच्या आकड्यावर बाईंचा काडीचाही विश्वास नव्हता. "कागद बिचारा काय, सांगाल ते लिहून घेतो," म्हणत त्या पर्समधून टेप काढायच्या आणि पंचावन्नाव्या वर्षीही तरातरा गाडीवर चढायच्या.

त्या दिवशी खिडकीशी त्यांचा धाकटा दीरच येऊन उभा राहिला. स्वतःच्या ट्रेलरवर त्याला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. एका गावाची पोलादी पाण्याची टाकी उद्या सकाळपर्यंत पोचवायची होती. ती बसवायला क्रेन येणार, तीही एकाच दिवसासाठी. उशीर झाला, तर पुढची सगळी कामं दुसऱ्याला.

"वहिनी, मारा की शिक्का पटकन. घरचंच काम आहे."

"घरचं आहे म्हणून तर मोजणार."

टाकीसकट गाडीची उंची भरली चार मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर. वाटेत ज्या पुलाखालून जायचं, त्याची उंची फाइलीत पाच मीटर. दीर खूश झाला. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या मात्र हलेनात.

"तिथे परवाच डांबर टाकलंय ना? दर वेळी जुन्यावरच नवा थर चढवतात. रस्ता वर येतो, भाऊजी. पूल कुठे वर जातो?"

दिराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण वहिनीपुढे आजवर त्याचं कधी चाललं होतं? तो गाडी घेऊन पुलाशी गेला, बाई टेप घेऊन. काठीला टेप बांधून त्यांनी मोजलं. चार मीटर एकोणऐंशी!

दीर कडेला मटकन बसला. "संपलं. लांबच्या वाटेनं गेलो तर परवा पोचेन."

"आधी उठा. चाकांतली हवा कमी करा, गाडी बसेल तितकी खाली बसवा. पन्नास पावलं तर जायचंय, पलीकडे भरून घ्या."

हवा सूं सूं करत निघाली. बाईंनी पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा. दोन बोटं जागा निघाली. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी अट लिहिली, 'वाहतूक थांबवून, चालण्याच्या वेगाने', आणि शिक्का मारला.

मग त्या उलट्या पावलांनी पुढे चालू लागल्या, नजर टाकीच्या कडेवर. मागे खोळंबलेल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत. टाकी आत शिरली, सरकत सरकत पलीकडे उजेडात आली. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

दिरानं खाली उडीच मारली. "वहिनी, दुसऱ्या कोणासाठी आला असता का हो इथवर?"

"आले असते. कोणासाठीही आले असते."

त्याचा चेहरा जरासा उतरला. बाईंनी टेप गुंडाळली.

"पण पोटात असा गोळा आला नसता," त्या म्हणाल्या. "हवा भरा आता, निघा."