कुत्रीची साखर

आमची कुत्री नऊ वर्षांची झाली आणि पडायला लागली. मी सालेकसाच्या शाळेत शिकवून घरी आलो की ती फाटकाशी यायची. त्या दिवशीही आली आणि मागचे पाय दुमडून कोसळली. अंग थरथरलं, तोंडाला फेस आला. दोन मिनिटांनी उठून शेपूट हलवू लागली.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मिरगी आहे. गोळ्या दिल्या आणि पोट हलकं ठेवायला सांगितलं. मी सांगितलेलं पाळणारा माणूस. दिवसातून एकदाच थोडा भात. झटके वाढले. मी गोळ्या वाढवून आणल्या, तर ती झिंगल्यासारखी भिंतींना धडकायची. शेजारी सांगायचे, पिसाळली आहे, जंगलात सोडून या. त्यांना उत्तरं देऊन मी वैतागलो होतो.

बायकोचं एकच म्हणणं. "अजी, हे भुकेली राहिली का मंगच पडते. तुमी कायले उपाशी ठेवून राहिले तिले?"

"तू डॉक्टर आहेस का?" मी तिच्यावर डाफरलो.

तीन महिन्यांनी एका सकाळी कुत्री पुन्हा पडली. बायकोला मधुमेह आहे. तिने आपलं साखर मोजायचं मशीन आणलं, कुत्रीच्या कानाला सुई टोचली. आकडा अडतीस.

"माही एवढी झाली असती त मी उठलीच नसती," ती म्हणाली आणि कुत्रीच्या हिरड्यांना गुळाचं पाणी चोळू लागली. कुत्री उठली.

मी तो आकडा घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "माणसाचं मशीन कुत्र्याला चालत नाही." मी परत आलो आणि नागपूरची गाडी ठरवली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर तळाला, ती उतरवणारं इन्सुलिन मात्र भरपूर. सोनोग्राफीत काही दिसेना, तेव्हा माझा धीर सुटला. शेवटी सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर बोराएवढी गाठ सापडली. साखर कितीही उतरली तरी ती गाठ इन्सुलिन सोडतच होती.

"हिला उपाशी कोणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"तसं सांगतलं होतं जी आमाले," बायको म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

ऑपरेशन करून गाठ काढली. पुढे सव्वा वर्ष बायकोने तिला दिवसातून पाच वेळा थोडंथोडं खाऊ घातलं. मग तसलीच गाठ यकृतात निघाली. काही दिवस औषधांवर निघाले, आणि एका दुपारी ओसरीत, बायकोजवळ ती गेली.

मला अजून राग येतो तो त्या तीन महिन्यांचा.