बासष्ट वजा

कंपाउंडरबाई जनावरांच्या दवाखान्यात अठरा वर्षं होत्या. मोठा काटा बंद पडल्यापासून कुत्र्यांचं वजन त्याच करत. कुत्रं उचलायचं, घरगुती काट्यावर उभं राहायचं, आकड्यातून स्वतःचे बासष्ट किलो वजा करायचे. उरेल त्या वजनाची हार्टवर्मची गोळी. डास चावून हृदयात जंत होऊ नयेत म्हणून महिन्याला एक.

त्या दिवशी निवृत्त मास्तर आपली दोन्ही कुत्री घेऊन आले. थोरला खोकत होता. त्याच्या रक्तात हार्टवर्म निघाला.

"एक महिना चुकवला नाही हो बाई! लोक म्हणतात तेच खरं. विष आहेत या गोळ्या. धाकटीला आता एकही देणार नाही."

"गोळीला नावं ठेवू नका, मास्तर." हे वाक्य आठवड्यात चौथ्यांदा. बाईंना बोलायचाही कंटाळा आला होता.

मोठा काटा कालच दुरुस्त होऊन आला होता. डॉक्टरांनी थोरल्याला त्यावर चढवलं. सत्तावीस. त्याच्या कार्डावर बाईंनी गेल्या महिन्यात लिहिलेले एकोणीस.

"मास्तर, जेवता तुम्ही आणि अंगी लागतं याच्या?" म्हणत डॉक्टर आत गेले.

बाई रिकाम्या हातांनी काट्यावर चढल्या. चोपन्न.

सासूबाईंनी अंथरूण धरल्याला वर्ष झालं होतं. जागरणं, उभ्याने चहा, अर्धी पोळी. कपडे सैल झालेले कळले होते. आठ किलो गेले ते कळलं नव्हतं. वर्षभर प्रत्येक कुत्रं हलकं भरलं होतं, प्रत्येक गोळी लहान गेली होती.

मास्तर दाराशी पोचले होते. गप्प बसलं तर खापर गोळीवर फुटणार होतं आणि धाकटी गोळीविना उघडी पडणार होती.

"मास्तर, थांबा. गोळी कमी पडली. चूक माझी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांचा आवाज चढला.

"वर्षात एकदा स्वतःचं वजन बघता आलं नाही?"

"रोज चढत होते हो काट्यावर. कडेवर कुत्रं असायचं."

मास्तर बाकावर बसले. थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग हिला मोठी गोळी द्या आता."

"आज नाही. आधी रक्त तपासू. जंत आधीच असले तर तीच गोळी अंगावर येते."

मास्तरांनी धाकटीचा पाय पुढे धरला. रक्त घेऊन झाल्यावर बाईंनी वर्षभराची कार्डं टेबलावर काढली आणि पहिल्या कार्डावरच्या घरी फोन लावला.