आतोबांचं पॉवर स्टिअरिंग

या पृथ्वीतलावर आयुष्यात एकही चूक न केलेला एकच माणूस आहे आणि तो धारला राहतो. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ही माहिती मला खुद्द त्यांनीच दिलेली असल्यामुळे तिच्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पीथमपूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं क्वालिटी खात्यात होते. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, उजेडात धरायची आणि 'रिजेक्ट' म्हणून बाजूला ठेवायची, याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम चालूच राहिलं. आत्याच्या पुरणपोळीची जाडी ते कडेला आणि मध्ये अशी दोन ठिकाणी बघतात. एकदा घरात आलेल्या बाग छापाच्या चादरीवर दोन फुलं ओळीतून जराशी सरकलेली दिसली, तर हे गृहस्थ चादर काखोटीला मारून बसने थेट बाग गावाला गेले. छापणारा म्हणाला, "बाबूजी, हाथ का काम है, इतना तो सरकेगा." संध्याकाळी आतोबा परतले ते आणखी दोन चादरी घेऊन. "माणूस खरं बोलला," एवढंच त्यांनी आत्याला सांगितलं.

जगातल्या सगळ्या वस्तूंत दोष काढणाऱ्या या माणसाने एका वस्तूला मात्र कधी नाव ठेवलं नाही, ती म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. धारबाहेर त्यांची बारा बिघे जमीन आहे. तिथे सोयाबीन आणि गहू होतो, आणि हे जुनं धूड चालतं. त्याचं स्टिअरिंग इतकं जड, की मी एकदा जोर करून अर्धं वळवलं आणि उरलेला दिवस ओसरीवर पडून काढला. "त्याला हात लागतो," आतोबा म्हणाले. तो ट्रॅक्टर वळवू शकणारे ते पंचक्रोशीत एकटेच, आणि याचा त्यांना कोण अभिमान! पण गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी ओढाताण बंद करायला सांगितली आणि माझ्या आतेबहिणीने गिऱ्हाईक शोधलं. ती शाळेत शिकवते, आईवडिलांजवळच राहते आणि धारचं मराठी बोलते. "बाबा, अब बस. चांगला गिऱ्हाईक भेटला आहे, देऊन टाका." आतोबांनी दोन दिवस ट्रॅक्टरभोवती फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मला देवासला त्यांचा फोन आला. "रविवारी ये. पॉवर स्टिअरिंग बसवायचंय."

मुलगी वडिलांच्याच वळणावर गेलेली. तिने अट घातली: दसऱ्याला बाबांनी स्वतः ट्रॅक्टर सीमोल्लंघनाला न्यायचा आणि स्वतःच परत आणायचा. जमलं तर ट्रॅक्टर राहील. नाही तर एकादशीला गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल.

देवासच्या भंगारबाजारात आतोबांनी सात पंप रिजेक्ट करून आठवा घेतला. सिलिंडर मिळाला, तेल वाहून नेणाऱ्या जाड रबरी नळ्या पीथमपूरहून करवून आणल्या. चार रविवार मी बॅटरीचा उजेड धरून उभा होतो आणि बॅटरी धरण्यातल्या माझ्या चुका ऐकत होतो. खंडेनवमीच्या सकाळी शेवटच्या दोन नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या आणि आत्या आतून हाका मारत होती, "अहो, मुहूर्त टळतोय!" आतोबांचे पूर्वज दरबारच्या फौजेबरोबर इकडे आले. तलवारी केव्हाच गेल्या, आता पाटावर पाने, पकडी आणि जॅक मांडतात. पण नियम तलवारीचाच. पूजेत बसलेलं हत्यार सीमोल्लंघन करून आल्याशिवाय उचलायचं नाही. आतोबांनी दोन्ही नळ्या घाईघाईने आवळल्या, हात धुतले, आणि पान्यांना हळदकुंकू लागलं. चालवून बघायचं तेवढं राहिलं.

दसऱ्याला दुपारी आतोबा फेटा बांधून सीटवर चढले. मी मडगार्डवर. स्टिअरिंगला हात लावताच त्यांचा चेहरा उजळला. "लोणी आहे रे, लोणी!" मग त्यांनी ते डावीकडे फिरवलं आणि ट्रॅक्टर ऐटीत उजवीकडे वळून कपड्यांच्या दोरीत शिरला. बाहेर आला तेव्हा बॉनेटवर आत्याचं लुगडं होतं.

"आतोबा, नळ्या उलट्या लागल्या," मी पुटपुटलो. "दहा मिनिटांचं काम आहे."

"पाने पाटावर आहेत."

"शेजारून मागून आणू?"

"आज कोणाचे पाने पाटावर नाहीत?" त्यांनी ओसरीवर उभ्या असलेल्या मुलीकडे चोरून पाहिलं. "आणि उलट्या म्हणू नकोस. आमच्या खात्यात याला डेव्हिएशन म्हणतात, माल तसाच चालवून घेतात. लुगडं काढ."

 एरवी मला त्यांचं हसूच येतं. त्या क्षणी मात्र आलं नाही. हा ट्रॅक्टर गेला तर हा माणूस उद्यापासून कुठे जाऊन उभा राहील, मला सुचेना.

तर आम्ही निघालो. डावीकडे जायचं म्हणून उजवीकडे फिरवत, रस्त्यालगतच्या ओढ्याकडे रोख धरत रस्त्यावर राहत. खांद्याला काही श्रम नव्हते, सगळे डोक्याला होते. नाक्यावर समोरून पीथमपूरची शिफ्टची बस आली. तिचा ड्रायव्हर ओरडला, "भिया, किधर मोड़ रिये हो?"

"जिधर नहीं मोड़ रहे, उधर!" आतोबा गरजले, आणि खरोखरच तिकडे वळलो. शिवेवर आपट्याची पानं घेतली, शेताला नमस्कार केला आणि परत आलो. फाटकातून आत शिरताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा होती. मी डोळे मिटले होते, त्यामुळे ते कसं जमलं ते मला सांगता येणार नाही. आतेबहिणीने टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आतोबा आत गेले, पाटावरचा पाना उचलला आणि नळ्या बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, एक बार मला बघू द्या ना." बसली, आणि एका हाताने ट्रॅक्टर अंगणभर फिरवला. "इतकं सोपं आहे?" ती हसत सुटली आणि तशीच फाटकाबाहेर गेली. गव्हाची पेरणी तिनेच केली, शाळेच्या आधी रोज दोन तास.

परवा गेलो तेव्हा आतेबहीण ट्रॅक्टर चालवत होती आणि आतोबा मडगार्डवर बसले होते. बांधाशी ट्रॅक्टर वळला की त्यांचे मांडीवरचे दोन्ही हात आपोआप जरा उचलले जात. घरी परतताना ती फाटकाशी थांबली.

"आता कुणालाही वळवता येतो हा," आतोबा मला म्हणाले, आणि मुलीला आत येता यावं म्हणून हळूच खाली उतरून फाटक उघडायला गेले.