फलक केबिनबाहेर आला

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारा हा माणूस पालिकेच्या आरोग्य खात्यात आहे. इतका भिडस्त, की लिफ्टमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' तोच म्हणतो. आवाज खाली, आणि प्रत्येक वाक्याला "चालेल ना?" हे शेपूट.

परवा आईला घेऊन जवळच्या नर्सिंग होममध्ये गेले, तर तपासणीला तोच आलेला. उपचारांचे दर सगळ्यांना दिसतील असे लावायचे, हा सरकारी नियम. इथला दरफलक डॉक्टरांच्या केबिनमध्ये, कपाटामागे सापडला.

"बसा हो, चहा घ्या," डॉक्टर म्हणाले. "उद्या लावून टाकतो."

"आत्ता लावा. मी थांबतो." आवाज खालीच, पण 'चालेल ना' आलंच नाही.

डॉक्टरांनी कुणाला तरी फोन लावून त्याच्यापुढे धरला.

"फलक लागला की बोलतो," तो म्हणाला.

शेवटी वॉर्डबॉय हातोडी घेऊन आला. मी धावत जाऊन त्याला स्टूल दिलं. फलक वर चढला तशी बाकांवरची माणसं उठून वाचायला जमली. एका गरोदर मुलीच्या आईने बोट ठेवून एक ओळ वाचली आणि ती काउंटरकडे वळली.

"सिझरचं इथे एवढंच लिहिलंय. मग आम्हाला दुप्पट का सांगितलंत?"

आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघायला लागलो. आमचा शेजारी मात्र फलक सरळ लागलाय का, ते बघत होता.