पाहुणीने म्हटलेलं 'व्हय म्हाराजा'

आमच्याकडे गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' म्हणणं ही गंमत नसते. गावाच्या वतीने एक जाणता माणूस देवाला मोठ्याने साकडं घालतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे नुसतं ऐकलं असं नव्हे; त्या मागण्यात तुम्हीही सामील झालात, आता मागे फिरायचं नाही. हे मी त्या परदेशी पाहुणीला नीट समजावून सांगितलं होतं. लग्नाआधी मी गोव्यात एका हॉटेलच्या काउंटरला बसायचे, त्यामुळे तेवढं इंग्रजी मला येतं. आणि ते येतं म्हणून अजूनही बाहेरचं कुणी आलं की गाव माझ्या दारात येतो. आता मी इंग्रजी येत नाही म्हणून सांगते.

पाहुणी एका श्रीमंत देशातून आली होती. देशाचं नाव घेत नाही. घेतलं की लोक क्रिकेटसारखी बाजू घेऊन भांडायला लागतात. तिच्या सरकारच्या मदतीतून समुद्री कासवं वाचवायची योजना आमच्या किनाऱ्यावर आली. गावाने कासवं जपायची, बदल्यात गावाला रोजगार. पत्र्याची शेड झाली, स्टीलची टेबलं आली, बर्फाच्या पेट्या आल्या, बायकांना पांढऱ्या टोप्या मिळाल्या. आम्ही कोळंबी सोलायची, कंपनीने ती गोठवून बाहेर पाठवायची, आणि जाणार कुठे, तर पाहुणीच्याच देशात.

खरं तर कासव वाचवायला आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या लहान होड्या, हाताने ओढायची जाळी. कासव अडकलं की जाळं कापून सोडायचं आणि सोडण्याआधी पाठीवर हळदकुंकू वाहायचं, कारण तो देवाचा अवतार. माझी मोठी जाऊ हे करत असताना पाहुणीने पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला फार आवडली होती. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

शेडच्या उद्घाटनाला माझ्या सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. गावात ते काम त्यांचंच. "बा देवा म्हाराजा, आमच्या किनाऱ्यावरची सुंगटां ह्या पावण्यांच्या देशात मानान जावंदेत, आणि ह्या बायलमाणसांच्या हाताक काम गावांदे रे म्हाराजा!" सुंगटां म्हणजे कोळंबी. मी पाहुणीच्या कानात अर्थ सांगितला. पटत असेल तर म्हण, असंही सांगितलं. तिने हात जोडले आणि सगळ्यांच्या आवाजाच्या वर खणखणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा!" उच्चार वाकडातिकडा, पण शब्द तोच. बायकांनी टाळ्या पिटल्या. सासरे मला म्हणाले, "झाला. देवासमोर शब्द दिल्यान तिना."

त्या शब्दावर जावेने आपली घरं सोडली. घरं म्हणजे डोंगराकडच्या वाड्यांतली गिऱ्हाइकं. डोक्यावर टोपली घेऊन एसटीने जायचं आणि दारोदार मासे द्यायचे, असा तिचा जन्म गेलेला. कोणत्या घरात सोमवारी मासा चालत नाही, कुठल्या आजोबांना काट्याचा मासा सोसत नाही, सगळं तिला तोंडपाठ. शेडमध्ये सकाळपासून बसायचं तर ही फिरती जमणार नव्हती. तिने ती घरं शेजारच्या बाईला देऊन टाकली. आमच्यात एकदा दिलेली घरं परत मागत नाहीत.

दोन हंगाम बरे गेले. मग कंपनीचा माणूस आला आणि शेडच्या दारातच उभा राहून म्हणाला, त्या देशाने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय. का, तर आपल्या जाळ्यांत कासवं मरतात. जाळ्याला कासवाला बाहेर पडायला दार बसवा, मग बघू. तळ्यात पाळलेली कोळंबी मात्र जात होती.

जाऊ आधी हसलीच. "आमच्या घराक धड दार नाय, नि जाळ्याक दार खंयसून लावतलव?"

ते दार मोठ्या ट्रॉलरांच्या जाळ्यांसाठी होतं. आमच्यासारख्या हाताने ओढणाऱ्यांना सूट आहे असंही तो म्हणाला, पण ती कुणाच्या सहीने मिळते ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि नंतर आम्हालाही कधी कळलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेडला कुलूप लागलं.

मी अंगणात सगळ्यांसमोर पाहुणीला फोन लावला. तिला खरंच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, मदतीचं खातं वेगळं, व्यापाराचं खातं वेगळं. तिच्या हातात काही नाही. मी ते मालवणीत सांगितलं.

सासरे म्हणाले, "एका देशाक तोंडां किती गो?"

जाऊ म्हणाली, "तिका इचार, मगे देवासमोर व्हय कित्याक म्हटल्यान?"

मी विचारलं. मग पाहुणी म्हणाली की तो क्षण फार सुंदर होता, ती तो कधीच विसरणार नाही. आणि जाऊ कासवाला कुंकू लावतेय तो फोटो त्यांच्या अहवालावर छापला तर चालेल का, असं तिने विचारलं. फोटोचं मी कुणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, "ती म्हणता, तो क्षण लय सुंदर होतो." जाऊ उठून आत गेली. आमच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही गोड बोलून.

पुढे एका सकाळी जावेच्या नवऱ्याच्या जाळ्यात कासव आलं. दीर सुरी घेऊन नुसते उभे होते. मग म्हणाले, "ह्येचो काय गुन्हो?" आणि नवंकोरं जाळं कापलं. जावेने कुंकू लावलं. कासव पाण्यात गेलं, आणि ती दुपारपर्यंत जाळं सांधत बसली.

वार्षिक गाऱ्हाण्याला आम्ही देवळात जमलो. जाऊ टोपली घेऊनच आली होती. जुनी घरं गेलेली, म्हणून ती आता अनोळखी वाड्यांत हाका मारत फिरते. सासऱ्यांनी पीकपाणी मागितलं, होड्यांची राखण मागितली. मग म्हणाले, "आणि ती दूरदेशची पावणी तुझ्यासमोर शब्द देवन इसारली आसात, तर तिका आठवण दी, तिच्यार राग धरू नको रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" जाऊ गप्प उभी होती. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिने टोपली डोक्यावर घेतली. "तुमचा चलांदे. माझी मासळी नासतली," म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

तिच्या मागे जायला हवं होतं मी. पण तोवर, सवयीने, माझ्या तोंडूनही 'व्हय म्हाराजा' निघून गेलं होतं.